दुसरा भाग आहे का?

आमच्या वाचनालयाला पाटी नव्हती तेव्हाही लोक बरोबर पोचायचे. बडोद्याच्या दांडिया बाजारात "झुंजार कुठे मिळतो?" असं विचारलं की कुणीही आमच्या वाड्याकडे बोट दाखवायचं. झुंजार म्हणजे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, १९७८ साली वाड्याच्या पुढच्या खोलीत तीनशे पुस्तकं मांडून वाचनालय काढलं. त्यातली निम्मी अर्नाळकरांची होती. गुजरात मेलनं रात्री निघायचं, मुंबईत फ्लोरा फाउंटनचे फुटपाथ दिवसभर पालथे घालायचे आणि पोतं भरून रात्रीच्या मेलनं परत, अशी त्यांची खरेदी चाले.

पैसे देऊन पुस्तक वाचायला कोण येणार, असं शेजारीपाजारी म्हणायचे. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. बडोद्याला पुस्तक फुकट वाचायची सवय सयाजीरावांनी लावून ठेवली होती. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं खेडोपाडी जायला लागली. असं असताना अण्णांचं दुकान चालायचं, कारण ग्रंथालयात रहस्यकथा मागायला लोक लाजायचे. आमच्याकडे लाजायची सोय नव्हती, होत्या त्याच रहस्यकथा.

मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले ती १९९४ साली. अण्णांना काचबिंदू झाला आणि १९९९ मध्ये रजिस्टर माझ्याकडे आलं. ते अजून मी हातानेच लिहिते. मेंबर नंबर, पुस्तक नंबर, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सूनबाई, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकू नकोस, तारीख बघ." तेव्हा ते मला म्हातारपणाचं बोलणं वाटलं. आज माझी सगळी खरेदी त्या दोन तारखांमधल्या अंतरावर चालते.

अण्णांच्या काळी 'पहिला भाग' ही भानगडच नव्हती. झुंजार काय, काळापहाड काय, किंवा नंतर सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद काय, मेंबर नायकाचं नाव सांगायचा आणि हाताला लागेल ते न्यायचा. नायकाचं वय वाढत नव्हतं, मागचं काही आठवायला लागत नव्हतं. सातवं आधी वाचलं आणि तिसरं नंतर, तरी बिघडलं नाही. पहिलं कोणतं हे अर्नाळकरांच्या पक्क्या वाचकालाही सांगता आलं नसतं, आणि त्यानं ते कधी विचारलंही नसतं.

त्यामुळे २००३ मध्ये इंग्रजी पुस्तकं ठेवायची ठरवली तेव्हा मी अण्णांच्याच हिशेबानं चालले आणि तोंडावर पडले. एका ठोक विक्रेत्याकडून किलोच्या भावानं दोन खोकी थ्रिलर घेतली. घरी येऊन उघडली तर प्रत्येक मालिकेचा तिसरा, पाचवा, नववा. पहिला एकाचाही नाही. विक्रेता म्हणाला, "बेन, वजनात नंबर नाही मोजत." ती खोकी वर्षभर तशीच पडून राहिली. मायकेल कॉनेलीची एक मालिका त्यात होती, लॉस एंजेलिसच्या पोलीस डिटेक्टिव्हची. हा नायक आपल्यासारखा वर्षागणिक म्हातारा होतो, मागच्या पुस्तकातली जखम पुढच्यात दुखते. आमच्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका यायचे, प्रतापनगरला आयुष्य गेलेलं. त्यांना मी तिसरा दिला. बारा दिवसांनी त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, चालत्या गाडीत मधल्या स्टेशनावर चढवलंत मला. डब्यात सगळे एकमेकांना ओळखतायत, मला कोणी जागा देत नाही."

मी मुंबईहून त्या मालिकेचा पहिला भाग, १९९२ चा, मुद्दाम मागवला. नवा, पूर्ण किमतीला. तोपर्यंत एका पुस्तकाला इतके पैसे आम्ही कधी दिले नव्हते, आणि यजमानांनी त्यावर जे तोंड केलं ते मी विसरलेली नाही. काकांनी पुस्तक सोमवारी संध्याकाळी नेलं. बुधवारी सकाळी साडेनऊला मी शटर वर करते तर हे ओट्यावर बसलेले. दाढी वाढलेली, डोळे लाल. कसं वाटलं वगैरे काही नाही. म्हणाले, "दुसरा आहे का?"

दुसरा नव्हता. तिसरा होता, जो त्यांनी बारा दिवस रेटला होता. दुसरा येईपर्यंत ते रोज यायचे आणि रागावून जायचे.

तिथून आमचा धंदा बदलला. दाराशी जिथे दिवाळी अंक ठेवायचो तिथे एक मांडणी केली आणि तिच्यावर फक्त पहिले भाग लावले. मेंबरला मालिकेतला पहिला भाग फुकट, वर्गणीत धरायचा नाही. दुसऱ्यापासून पुढे मोजणी सुरू. मुलगा पुढे कॉमर्सला गेला तेव्हा म्हणाला, "आई, जे सगळ्यात जास्त जाणार तेच फुकट?" त्याला रजिस्टर दाखवलं. पहिला भाग तीन दिवसांच्या आत परत आला तर तो मेंबर पुढचे पाच-सहा भाग नेतोच नेतो. पहिला पंधरा दिवस घरी पडला आणि येताना "छान आहे हं" असं म्हणाला, तर तो दुसऱ्याचं नाव काढत नाही. छान आहे म्हणणारा माणूस मला आता ओळखीचा झालाय. तो फार सभ्य असतो आणि त्याचा धंद्याला काही उपयोग नसतो.

खरेदीचं गणितही त्यातूनच बसलं. पहिल्या भागाच्या दोन प्रती, कधी तीन. दुसऱ्याची एक, तीही तीन जणांनी विचारल्याशिवाय नाही. चौथ्यापुढे जुनी प्रत चालते. पहिला हरवतो फार. लोक तो बहिणीला देतात, ऑफिसात फिरवतात. डिपॉझिट तीनशे रुपये असल्यामुळे नुकसान होतं, पण ज्या बहिणीकडे पुस्तक गेलं ती महिनाभरात मेंबर होऊन येते, असं दोन-चारदा झाल्यावर मी कटकट करणं सोडलं.

प्रत्येक जातीच्या वाचकाची तऱ्हा वेगळी. थ्रिलरवाला बोलत नाही, झोपेतून उठून आलेला असतो. रहस्यवाल्याला बोलायचंच असतं. खुनी कोण हे त्याला कितव्या पानावर कळलं ते ऐकून घ्यावं लागतं, आणि सगळ्यांना ते फार लवकर कळलेलं असतं. प्रेमकथावाल्या पुस्तकावर वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणतात, टेबलावर उलटं ठेवतात आणि आवाज खाली करून विचारतात, "ह्याच्या धाकट्या भावाचं आलंय का?" कारण इंग्रजी प्रेमकथांच्या मालिकेत नायक-नायिकेचं एकदा जमलं की संपलं, पुढच्या भागात त्यांच्याच घरातलं दुसरं कुणी. पहिल्या भागात जो भाऊ नुसता दाराशी उभा राहून चार वाक्यं बोलतो, त्याच्यावर बाई भाळली की पुढचे तीन भाग गेलेच समजायचे.

आणि पहिल्या भागाचं सगळ्यांनाच वेड लागतं असंही नाही. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ ची. कॉनन डॉयलला तिचे सगळे हक्क पंचवीस पौंडांत विकावे लागले होते आणि तेव्हा कुणी दारात रांग लावली नव्हती. होम्सचं खरं वेड १८९१ पासून मासिकात गोष्टी यायला लागल्यावर पसरलं. अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीला कित्येक प्रकाशकांनी परत पाठवलं, ती छापली १९२० मध्ये, तीही शेवटचं प्रकरण बदलायला लावून. त्यात तिनं आपल्या गुप्तहेराला, पॉयरोला, पोलिसातून निवृत्त झालेला दाखवलाय. बाईंना काय माहीत की ह्या म्हाताऱ्याला १९७५ पर्यंत चालवावं लागणार! पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की त्याला सुरुवातीपासून इतका वयस्कर करायला नको होता. लेखकाला पहिला भाग लिहिताना तो पहिला आहे हे बऱ्याचदा माहीतच नसतं, आणि ते वाचताना जाणवतं. म्हणून काही पुस्तकं देताना मी आधीच सांगते, पन्नास पानं सोसा. दोन-तीन मालिका अशा आहेत की ज्यांचा पहिला भाग मी मांडणीवर ठेवतच नाही, दुसराच पुढे करते. कोणत्या ते दुकानात येऊन विचारा, इथे लिहून भांडण नको.

मराठीत अनुवाद झालेल्या मालिकांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मधलाच एखादा भाग आधी मराठीत येतो, पहिला येतच नाही. वाचक मला विचारतात, मी कुणाला विचारू?

२०१४ मध्ये फतेहगंजला युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी एक छोटी खोली भाड्यानं घेतली आणि इंग्रजी मालिका तिकडे हलवल्या. होस्टेलच्या मुलींनी ती जागा उचलून धरली. एकीनं पहिला नेला की तो खोलीखोलीतून फिरून तीन आठवड्यांनी यायचा, आणि मागोमाग सहा जणी दुसरा मागायला. मधली लॉकडाऊनची वर्षं वाईट गेली, त्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय.

पण त्यातच एक गंमत झाली. २०२० च्या डिसेंबरात ब्रिजर्टन ही मालिका पडद्यावर आली आणि ती जिच्या प्रेमकथांवरून घेतली त्या जूलिया क्विनच्या पुस्तकांना एकदम मागणी आली. मुली तर मागतच होत्या, पण बाबाजीपुऱ्यात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. आयुष्यभर गणित शिकवलेलं. नातीनं नेलेला पहिला भाग त्यांनी तिच्या आधी वाचून काढला होता. त्यांना मी बाई म्हणते. मला वाटलं, त्यातल्या काही प्रसंगांबद्दल दोन शब्द ऐकावे लागणार. बाईंनी पुस्तक ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ही आठ भावंडं. नावं ए-बी-सी-डी नं लावलीत, अँथनी, बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी. मग गोष्ट डी पासून का सुरू केली? क्रम मोडलाय." मी म्हटलं, मुलींचं लग्न आधी उरकत असतील. "मग हायसिंथ?" मी गप्प. बाईंनी आठही भाग नेले, आणि सातवा एचचा आणि आठवा जीचा निघाल्यावर पुन्हा येऊन तक्रार केली. वाचायला मजा आली का, हे मी विचारलं नाही. आठ भाग एकोणीस दिवसांत परत आले होते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला. फतेहगंजच्या खोलीत कमरेइतकं पाणी शिरलं. चौथ्या दिवशी आत जाता आलं. खालचे तीन कप्पे गेले होते. पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की ओढली तर पानं हातात येत होती, आणि चिखलाचा वास अजून त्या भिंतींना आहे. नदीतल्या मगरींच्या भीतीनं मुलगा काठी आपटत पुढे आणि मी मागे रजिस्टर पोटाशी धरून. ते वरच्या कपाटात होतं म्हणून वाचलं. घरी येऊन त्यावरून यादी केली. चौथे, पाचवे, आठवे भाग ओळीनं गेले होते. पहिले भाग बहुतेक सगळे शाबूत, कारण ते खोलीत नव्हतेच. ते होस्टेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर, उशांखाली होते.

त्या महिन्यात मुली एकेक करून आल्या आणि टेबलावर पहिले भाग ठेवून गेल्या. तेवढ्यावर आम्ही ती मांडणी पुन्हा दांडिया बाजारात लावली. फतेहगंजची खोली सोडली. आता एकच जागा, वर्गणी महिना ऐंशी रुपये, रविवारी सकाळीही उघडं असतं.

एक त्रास मात्र वीस वर्षं पुरून उरलाय. आमचा कुणीतरी मेंबर रहस्यकथांत शिसपेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवतो. कधी चाळिसाव्या पानावर, कधी साठाव्या, बारीक, स्वच्छ अक्षरात, खाली एक रेघ. मी रजिस्टरशी ताडून पाहिलं, अक्षरं तपासली, फॉर्मवरच्या सह्या काढून बघितल्या. माणूस सापडला नाही. प्रत्येक पुस्तक परत आलं की मी पानं चाळते आणि खोडरबर घेऊन बसते.

गेल्या महिन्यात एका नव्या मालिकेचा पहिला भाग परत आला. बावन्नाव्या पानावर नाव होतं, खाली रेघ. मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, म्हणून चिडून त्या रात्री वाचायलाच बसले. पहाटे अडीचला संपलं. नाव चुकलं होतं.

ते मी खोडलेलं नाही. पुस्तक तसंच मांडणीवर लावलंय.