पहिली फोर बाय फोर घ्यायच्या आधी चार दिवस कोकणात

गेली दोन वर्षं डोक्यात किडा होता, एक फोर बाय फोर घ्यायची, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते अशी गाडी. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून बघून आकडे तोंडपाठ झाले तरी ठरेना. शेवटी दाजी म्हणाले, "शोरूममध्ये फेऱ्या मारून काय कळणारे, मी माझी थार काढतो, तुझ्या भावाला म्हणावं त्याची जिम्नी काढ, चल कोकणात." मावसभाऊ एका पायावर तयार. मी माझी रोजची फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी घेतली, म्हटलं कुठे काय अडतं ते कळायला एक अडणारी गाडी पण पाहिजे ना.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. पुणे-कराड-मलकापूर आणि अणुस्कुरा घाटाने खाली राजापूर. हा मोसम मुद्दाम धरला कारण पावसात कोकणातल्या बऱ्याच कच्च्या वाटा भातखाचरांच्या कडेने जातात, तिथे चाकं फिरवली तर कोणाच्यातरी पिकाचं वाटोळं, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाने आपलं वाटोळं. नोव्हेंबरात भात निघालेलं असतं, माती बसलेली असते आणि पऱ्यांना, म्हणजे छोट्या ओढ्यांना, थोडं पाणी पण असतं.

पहिला धडा राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतच मिळाला. भावाच्या मित्राच्या घरी जायला पाणंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, बैलगाडीच्या मापाची वाट. दाजींनी खाली उतरून टेप लावला. सहा फूट चार इंच. थारची रुंदी 1820 मिलिमीटर, म्हणजे आरसे मिटून दोन्हीकडे तीन-तीन बोटं. जिम्नी 1645, ती आरामात गेली. गडग्यावर एक आजोबा बसलेले, ते शांतपणे म्हणाले, "गडगा पाडलात तर परत रचून द्यायचा हां." दाजी गेले, जवळजवळ पूर्ण गेले, आणि शेवटच्या वळणावर मागच्या चाकाने तीन दगड पाडले. अर्धा तास आम्ही गडगा रचत होतो, आजोबा वरून सांगत होते की मोठा दगड खाली, चपटी बाजू आत, तसा नाही, फिरव. रचून झाल्यावर त्यांनी पायाने ढकलून बघितला आणि मग कोकम सरबत दिलं.

दोन गाड्यांच्या रुंदीतल्या या सात इंचांवर कुठल्या रिव्ह्यूत कोणी बोलत नाही. सगळे ग्राउंड क्लिअरन्सवर, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे त्यावर बोलतात, थारचं 226, जिम्नीचं 210, आणि खरं सांगू का चार दिवसांत या सोळा मिलिमीटरचा फरक मला एकदाही जाणवला नाही. जाणवला तो व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा. जिम्नी पाच दरवाज्यांची असल्यामुळे 2590, थार 2450. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा राहतो ना, तिथे एका चढाच्या टोकाला जिम्नीचं पोट घासलं आणि थार तिथूनच आवाज न करता गेली. तेव्हा जिम्नी घ्यायची असेल तर उंचवट्यावर सरळ न जाता थोडं तिरकं जा आणि पोट वाचवणारी खालची स्किड प्लेट अधूनमधून वाकून बघा.

माझ्या गाडीचं काय झालं तर दुसऱ्या दिवशी एका पऱ्यात पुढचं एक चाक हवेत गेलं आणि विषय संपला, ते चाक गरागरा फिरतंय, बाकीची तीन मख्ख. दाजींनी दोरीने ओढलं. तिथेच उतारावर त्यांनी मला थार दिली, लो रेंज (गाडी एकदम हळू पण जोरात चालवणारा जादा गियर) टाकून पहिल्या गियरमध्ये, "पाय पेडलवरून काढ." काढले. गाडी धोंड्यांवरून मुंगीसारखी उतरली, ब्रेक नाही काही नाही, इंजिनच धरून ठेवतं. हे एकदा अनुभवलं की कळतं की नवख्या माणसाला ताकदीपेक्षा लो रेंज जास्त उपयोगाची. म्हणून सेकंडहँड बघताय तर नावावर जाऊ नका, 2023 पासून थार फोर बाय टू पण येते, पाच दरवाज्यांच्या थार रॉक्सच्या पेट्रोलमध्ये तर फोर बाय फोर मिळतच नाही. आत दुसरा छोटा लिव्हर आहे का आणि त्यावर 4L (म्हणजे लो रेंज) लिहिलंय का ते बघा, मग तो टाकून दहा फूट चालवून बघा. फोर्सची गुरखा पण डोक्यात होती, तिला पुढे-मागे दोन्ही डिफरेन्शियल लॉक मिळतात, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी जोडीचं दुसरं फिरतं, पण पहिलीच गाडी आणि तीच ऑफिसला न्यायची म्हणून मी सोडली. जुनी जिप्सी हलकी, मस्त, फक्त ती समुद्राजवळ राहिलेली असेल तर चासी (गाडीचा खालचा सांगाडा) गंजलीय का ते खालून टोकरून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

पाण्याचं म्हणाल तर आधी स्वतः चालत जायचं, हातात काठी. थारला गुडघ्यापर्यंत ठीक, वर गेलं किंवा ओढ लागली तर मागे फिरायचं. तिच्या ब्रोशरमधले 650 मिलिमीटर संथ पाण्याचे आहेत, तळ गुळगुळीत कातळाचा आहे की गाळाचा ते ब्रोशरला काय माहीत.

बीचवर गाडी घालू नका. बहुतेक ठिकाणी मनाईच आहे, शिवाय आंजर्ले, वेळास या बाजूला थंडीत कासवं अंडी घालायला येतात. वाळूचा सराव आम्हाला आपोआपच झाला, गुहागरकडे एका नातेवाइकांच्या वाडीत सुरूच्या झाडांमधून शेवटचे दोनशे मीटर भुसभुशीत वाट, माझी गाडी रुतली. चारही टायर 18 पीएसआयवर आणले आणि मुकाट बाहेर आली, कोणी ढकललं पण नाही. हवा काढणं फुकट, भरायला मात्र बारा व्होल्टचा पंप जवळ हवा. दोरी, पंप आणि एक फावडं, बाकीचं सामान गाडी घेतल्यावर वर्षभराने घ्या.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर पण तेच, गाडी घालू नका. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती बघायला गाड्या रस्त्याला लावून चालत गेलो. कातळावर चाकाने काय होतंय असं वाटतं, पण 2022 पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि गवतात खोदलेली रेष दिसत पण नाही. आणि जांभ्याच्या फुटक्या कडा टायरची बाजू कापतात, भावाने एक टायर तसाच घालवला. बाजूचा काप पंक्चरवाला लावत नाही, स्टेपनी पूर्ण मापाची ठेवा.

परतीचा रस्ता सगळा जेट्टी-जेट्टीने, जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, मग ताम्हिणी. ओहोटीला जेट्टीचा उतार शेवाळलेला असतो, पहिल्या गियरमध्ये हळू उतरा.

मी जिम्नी घेतली, मॅन्युअल. घरी पहिलं वाक्य आलं, "बॅगा कुठे ठेवायच्या?" डिकी 208 लिटर, प्रश्न बरोबर आहे, चौघं बसलो की एक बॅग मांडीवर. दाजींच्या थारच्या डाव्या बाजूचे ओरखडे अजून तसेच आहेत, पॉलिश करून घेत नाहीत. आणि खालून दोनदा प्रेशरने धुतली तरी दाराच्या रबरातून लाल माती अजून निघतेय.