इंडेंट, यार्ड आणि नाशिकचा हंगाम: आमची वाटचाल

शोरूममधल्या गाड्या कंपनीच्या असतात, विकल्या की कंपनीला पैसे द्यायचे आणि उरल्या की परत पाठवायच्या, असा समज आमच्या नातेवाइकांतही आहे. तसे अजिबात नसते. कारखान्यात आमच्या नावाने बिल फाटले की गाडी आमची. बँकेच्या इन्व्हेंटरी फंडिंगमधून, म्हणजे साठ्यासाठी घेतलेल्या कर्जातून, रक्कम कंपनीला गेलेली असते, गाडी अजून ट्रेलरवर चढायची असते आणि आमचे दिवस मोजायला सुरुवात झालेली असते. ठरलेली मुदत संपली की उभ्या गाडीवर रोज व्याज. त्यामुळे आमच्या धंद्याची गोष्ट सांगायची तर ती विकलेल्या गाड्यांपेक्षा मागवलेल्या गाड्यांची सांगायला हवी.

थोरले बंधू आणि मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ सुट्या भागांचे दुकान चालवायचो. पुढे एका मोठ्या डीलरचे सब-डीलर म्हणून पिंपळगाव बसवंतला छोटा गाळा घेतला. सब-डीलरला ऑर्डर देता येत नाही, वरच्या डीलरच्या यार्डात जे उभे असेल ते विकायचे. द्राक्ष बागायतदार पांढरी डिझेल मागायचा, आमच्याकडे लाल पेट्रोल यायची. गिऱ्हाईक आमचे, ओळख आमची, आणि गाडी मात्र तो दुसरीकडून काढायचा. स्वतःची डीलरशिप हवी हे तिथेच मनाने घेतले. 2017 मध्ये, जीएसटी आला त्याच वर्षी, आम्हाला ती मिळाली. मुंबई-आग्रा महामार्गालगत शोरूम, पाथर्डी फाट्याच्या पुढे यार्ड.

ऑर्डरची पद्धत अशी. दर महिन्याला कंपनीच्या पोर्टलवर पुढच्या महिन्याचा पक्का इंडेंट, म्हणजे गाड्यांची मागणी, भरायचा आणि त्यापुढच्या महिन्यांचा अंदाज द्यायचा. मॉडेल, व्हेरियंट, इंधन, रंग, सगळे वेगवेगळे. कारखाना त्या अंदाजावर स्वतःच्या सुट्या भागांची मागणी लावतो, म्हणून दसऱ्याला हवी असलेली गाडी आषाढातच लिहावी लागते. मग येते अलोकेशन, म्हणजे आमच्या वाट्याला आलेल्या गाड्या. मागितले तेवढे क्वचितच मिळते: जोरात चालणारे मॉडेल हात आखडून देतात, रेंगाळणारे उदारपणे. महिनाअखेरीला कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन ठरलेला, ‘शेठ, अजून थोड्या उचला, टार्गेट पूर्ण होतंय.’ बंधूंचे उत्तरही ठरलेले, ‘साहेब, उचलतो, पण रंग आणि व्हेरियंट आम्ही सांगू तेच बिल करा.’

या ओढाताणीचे कारण साधे आहे. कारखान्यातून डीलरकडे गेलेली गाडी कंपनीच्या हिशेबात विक्री धरली जाते. आमच्यासाठी विक्री म्हणजे पेठ रोडच्या आरटीओतून एमएच 15 चा नंबर पडणे. या दोन आकड्यांमधले अंतर डीलरच्या यार्डात उभे राहते. आमच्या फाडा या डीलर संघटनेचे म्हणणे आहे की साठा साधारण 21 दिवसांचा असावा. 2024 च्या सणासुदीआधी तो देशभर 80 ते 85 दिवसांवर गेल्याचे संघटनेनेच सांगितले होते. एवढ्या व्याजात छोटा डीलर बुडतो, आणि माझ्या मते अंदाज भरण्याचा हक्क त्याला खऱ्या अर्थाने मिळाला तर त्यातले पुष्कळ टळेल.

कारण नाशिकचा अंदाज दिल्ली-मुंबईच्या कार्यालयात बसून येत नाही. शहरातला नोकरदार पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी पाहतो. निफाड, दिंडोरी, चांदवडचा शेतकरी मुहूर्तासोबत हातात आलेला पैसाही पाहतो. द्राक्षांचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडाशी फिरू लागतात, उन्हाळ कांद्याचे त्यामागून, आणि चाळीत कांदा साठवणारा भाव चढेपर्यंत थांबतो. म्हणून आमचा मुलगा इंडेंटच्या आठवड्यात लासलगावचे भाव लिहून ठेवतो, पिंपळगावला टोमॅटोच्या क्रेटची चौकशी करतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आम्ही पुढच्या महिन्यांच्या अंदाजातून ग्रामीण भागात जाणारे व्हेरियंट लगेच कमी केले. बुकिंग रद्द करायला आलेल्या शेतकऱ्यांचे चेहरे पाहून आनंद होण्यासारखे त्यात काही नव्हते, पण यार्ड तुंबले नाही आणि कामगारांचे पगार वेळेवर झाले.

त्याआधीची परीक्षा बीएस-4 ची, म्हणजे जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची. 1 एप्रिल 2020 पासून ती वाहने विकता वा नोंदवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगून ठेवले होते. आम्ही 2019 च्या दिवाळीनंतर जुन्या गाड्या मागवणेच थांबवले. सवलतीचा मोह मोठा होता, पण मार्चअखेरीस टाळेबंदी आली तेव्हा यार्डात जुनी गाडी नव्हती. 2021 मध्ये सेमीकंडक्टरच्या चिपा मिळेनात, त्या वर्षी उलट रिकामे यार्ड आणि लांबलचक बुकिंग यादी. तेव्हा गाडी आलेल्या क्रमाने आणि बुकिंगच्या क्रमानेच द्यायची, कोणाचा वशिला चालवायचा नाही, हे बंधूंनी ठरवले ते आजही पाळतो.

2025 चा भाद्रपद मात्र विसरणार नाही. 15 ऑगस्टला जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली आणि गिऱ्हाईक जागच्या जागी थांबले. गणपती गेले, पितृपक्ष गेला. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि जीएसटीवर लागणारा सेस, म्हणजे जादा उपकर, रद्द झाला. यार्डातल्या गाड्यांवर आम्ही भरलेल्या सेसचे क्रेडिट मात्र खात्यात अडकले, कारण ते वळते करायला पुढे सेसच उरला नव्हता. फोन दिवसभर वाजत होते. त्या नवरात्रात आमच्याकडे पोरे रात्री उशिरापर्यंत पीडीआय, म्हणजे गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधीची तपासणी, करत होती: बॅटरी, टायरची हवा, रंगावरचे ओरखडे, चासी नंबर. ट्रेलरवरून उतरवताना ओरखडा दिसला तर तो बिल्टीवरच, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवरच, लिहून घ्यायचा, नाहीतर विम्याचा क्लेम अडतो, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते.

आता सिंहस्थाची तयारी चालू आहे. 2015 ला पर्वणीच्या दिवशी बाहेरची वाहने शहराबाहेरच थांबवली होती, त्यामुळे 2027 च्या पर्वण्यांआधीच ट्रेलर यार्डात रिकामे होतील असा इंडेंट आखावा लागेल. टूरिस्टवाले आतापासून सात आसनी सीएनजी विचारू लागले आहेत. त्यांची नावे, हवी ती गाडी आणि कर्जाची तयारी आम्ही आधी लिहून घेतो, कारण एरिया मॅनेजरसमोर अलोकेशन मागताना तीच यादी टेबलावर ठेवायची आहे.