तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा खोलीत पॅचबे कशाला?

रेकॉर्डिंगला येणारा माणूस आधी चप्पल काढतो, मग पंखा का बंद आहे ते विचारतो आणि मग त्याची नजर यंत्रांच्या रॅकवर जाते. दोन ओळींत 48 भोकं, त्यांतून लोंबणाऱ्या चार-पाच रंगीत वायरी. हाच पॅचबे, सगळ्या यंत्रांची तोंडं एका पट्टीवर आणून छोट्या वायरींनी हवी तशी जोडायची सोय. "हे काय ओ, टेलिफोनचं एक्स्चेंज?" स्वतःचा स्टुडिओ थाटायला निघालेली मंडळी त्याच्या पुढचं विचारतात. खोली एवढीशी, तिथं पॅचबे कशाला? आम्हीपण घ्यावा काय?

एक्स्चेंज म्हणणाऱ्यांचं खरंच आहे. 1878 साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. आज गिटारला लावतो ती पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची पिन त्या काळच्या स्विचबोर्डांवरूनच आली. रेडिओ केंद्रांनी आणि स्टुडिओंनी ती तशीच उचलली. ट्रंक कॉल लावून कोल्हापूर-पुण्याची वाट बघत बसलेल्या पिढीला माझा रॅक लगेच ओळखीचा वाटतो, तो उगाच नाही.

आता कशाला ते. माझ्याकडं सामान फार नाही. आठ इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा), दोन-तीन प्रीअँप (माईकचा बारीक आवाज मोठा करणारे), एक कॉम्प्रेसर (फार मोठा आवाज दाबणारा), रिव्हर्बचा म्हणजे आवाजाला घुमारा देणारा एक डबा, कीबोर्ड आणि कॅसेट डेक. डेक एवढ्यासाठी, की इथल्या, म्हणजे बेळगावच्या शहापूर-वडगावातनं माणसं आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी घेऊन येतात. या भागात यंत्रमागांचा खडखडाट थांबल्याशिवाय माईक उघडता येत नाही, त्यामुळं बरंचसं काम रात्रीचं. अशा वेळी भजनी मंडळाला चहा देऊन बसवायचं आणि आपण टॉर्च तोंडात धरून रॅकच्या मागं शिरायचं, हे मला जमत नाही. पॅचबेत प्रत्येक यंत्राची तोंडं एकदाच मागून जोडून टाकायची. पुढचं सगळं बसल्या जागेवरनं.

पण सोय हा त्यातला छोटा भाग. माझ्या मते पॅचबेची खरी किंमत एकही वायर न लावता तो काय करतो त्यात आहे. यालाच नॉर्मल म्हणतात. रिवाज असा, की वरच्या ओळीत यंत्रांची आउटपुटं आणि खालच्या ओळीत इनपुटं. एक नंबरला वर प्रीअँपचं आउटपुट, खाली इंटरफेसचं पहिलं इनपुट. पुढं काहीच लावलेलं नसताना ही दोन्ही आतल्या आत जोडलेली असतात. लोंढा जंक्शनवर कुणी सांधा बदलला नाही तर गाडी ठरलेल्या रुळावरनं सरळ जाते, तसंच. पिन खोचली की सांधा बदलतो.

दोन्हीपैकी कुठल्याही भोकात पिन घातल्यावर आतली जोड तुटत असेल तर तो फुल नॉर्मल. हाफ नॉर्मलमध्ये फक्त खालच्या भोकात पिन घातल्यावर तुटते. वर घातली तर आवाज जुन्या वाटेनंही जातो आणि नव्या वाटेनंही. आणि मुळात काहीच जोडलेलं नसेल तर तो थ्रू. पुष्कळजण हा शब्दांचा घोळ म्हणून सोडून देतात आणि सगळीच भोकं हाफ नॉर्मलवर ठेवतात. तिथं फसतात. कॉम्प्रेसरच्या खणात, म्हणजे वर-खालच्या भोकांच्या जोडीत, वर त्याचं आउटपुट आणि खाली त्याचंच इनपुट असतं. तो खण हाफ नॉर्मल राहिला तर यंत्राचा आवाज पुन्हा त्याच यंत्रात शिरतो. नशीब चांगलं असेल तर नुसतं गुणगुणतं, नाहीतर किंचाळतं. कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असल्यांचे खण थ्रूच हवेत.

एक कीर्तनकार बुवा येतात. अभंगाचं निरूपण कानात सांगितल्यासारखं आणि गजर आला की माईक फाटेल असा. त्यांचा आवाज एक नंबरच्या प्रीअँपमध्ये. एक नंबरच्या वरच्या भोकातनं छोटी वायर घेतो आणि कॉम्प्रेसरच्या इनपुटात घालतो. कॉम्प्रेसरच्या आउटपुटातनं दुसरी वायर इंटरफेसच्या तिसऱ्या इनपुटात. एक नंबर हाफ नॉर्मल असल्यामुळं पहिल्या ट्रॅकवर बुवांचा आवाज जसाच्या तसा आणि तिसऱ्यावर दाबलेला. कॉम्प्रेसर जास्त आवळला गेला तरी मूळ आवाज शाबूत. बुवांनी पाणी पिऊन खाकरेपर्यंत हे होतं. दोन नंबरवर पेटी, तिला मी कॉम्प्रेसर लावतच नाही. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीचा भाता दाबलेला ऐकू आला तर ऐकणारे सोडत नाहीत!

एका आउटपुटातनं दोन इनपुटांत आवाज असा वाटता येतो. उलटं मात्र करायचं नाही. दोन आउटपुटं एका वायरीत एकत्र आणली की दोन्ही यंत्रं एकमेकांशी भांडत बसतात. त्या कामाला मिक्सर असतो.

माईक मी पॅचबेतनं फिरवत नाही. कंडेन्सर जातीच्या माईकला 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे माईकच्याच वायरीतनं जाणारा वीजपुरवठा लागतो, आणि ही पाव इंची पिन आत सरकताना क्षणभर नको त्या टोकांना एकत्र टेकते. फँटम चालू असताना असं झालं तर निदान मोठा धक्का ऐकू येतो, नाजूक रिबन माईक असेल तर तो जाऊही शकतो. माईक थेट प्रीअँपला, पॅचबे त्याच्यापुढं. अँप्लिफायरकडनं स्पीकरला जाणारी वायर तर याच्या आसपासही आणू नका. हा सगळा लाइन लेव्हलचा, म्हणजे यंत्राकडनं यंत्राकडं जाणाऱ्या सिग्नलचा कारभार आहे.

त्यातही लेव्हल, म्हणजे सिग्नलचा जोर, दोन. स्टुडिओचं सामान बहुधा +4 डीबीयूचं, म्हणजे 1.228 व्होल्ट. घरगुती कॅसेट डेक −10 डीबीव्हीचा, म्हणजे 0.316 व्होल्ट. साधारण 12 डीबीचा फरक. आजोबांचं भजन बारीक ऐकू आलं म्हणून पॅचबेला शिव्या देऊ नका, इनपुटचा गेन वाढवा. घुंऽ असा 50 हर्ट्झचा आवाज येत असेल तर आधी डेक दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर आहे का बघा. सगळं सामान एकाच बोर्डावर घेतल्यानं निम्मी घूं जाते.

बेळगावचा पावसाळा मात्र याला मानवत नाही. जूनपासून खोलीत ओल धरते, आतल्या नॉर्मलच्या पट्ट्या काळ्या पडतात आणि एखाद्या दिवशी डावी बाजू गायब. इंटरफेस बिघडला म्हणून लोक दुकान गाठतात. त्याआधी त्या खणात पिन पाच-सहा वेळा घालून काढा. पट्टी घासली जाते आणि आवाज परत येतो. नाही आला तर कॉन्टॅक्ट क्लीनर.

खणांवर नावं लिहिलीत तर उत्तम, पण माझ्या मदतीला येणारा पोरगा कन्नड शाळेत शिकलेला आणि माझं देवनागरी अक्षर मराठी माणसालाही लागत नाही. त्यामुळं आमच्याकडं रंग चालतात. प्रीअँप लाल, इंटरफेस निळा, कॉम्प्रेसर पिवळा. पाट्यांच्या भाषेवरनं या शहरात जे काय व्हायचं ते होऊ दे, रॅकवर शांतता आहे.

आता निपाणीहून ज्यांनी मुद्दाम विचारलंय त्यांना. तुम्ही लिहिलंय त्यावरनं तुमच्याकडं दोन इनपुटांचा इंटरफेस, एक माईक आणि एक कीबोर्ड आहे. पॅचबे घेऊ नका. त्याच्यापेक्षा त्याच्या मागच्या वायरींना जास्त पैसे जातात, आणि तुम्हाला बदलायला काही नाहीच. त्या पैशांत खिडकीला जाड पडदा आणि एक दणकट माईक स्टँड येईल. पुढंमागं बाहेरचा प्रीअँप, कॉम्प्रेसर आला आणि मागच्या वायरी दर आठवड्याला काढाव्या लागायला लागल्या, तर आधी कागदावर दोन ओळी आखा. रोज कशाला काय जोडता ते एकाखाली एक लिहा, प्रत्येक खणापुढं हाफ की थ्रू ते लिहा. काही पॅचबेंना वरच्या अंगाला खटके असतात, न्यूट्रिक कंपनीच्या काहींत आतली पट्टी उलटी करून बसवावी लागते. रॅकमध्ये स्क्रू आवळल्यावर यातलं काहीच हाताला लागत नाही. कागद झाला की फोटो पाठवा, मी बघून सांगतो.