तुम्ही विचारलंत म्हणून: भेटायला नको, बसायला या

‘घरात शेवटचा आजार असला तर आम्ही काय मदत करायची?’ सासूबाई गेल्यापासून गावातल्या बायका मला हे सारखं विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. रोजची एक वेळ ठरवा, तेवढा वेळ पेशंटजवळ बसा आणि सांभाळणारीला झोपू द्या.

सासूबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. ‘आता फक्त त्रास कमी ठेवू,’ असं डॉक्टर म्हणाले नि आम्ही त्यांना घरी आणलं. कापूस वेचणीचे दिवस, घरचे सगळे वावरात. पाहुणे मात्र गाडी भरून येत. खाटेजवळ बसून ‘किती वाळल्या हो’ म्हणत, आणि मी चहात गुंतलेली. दुधाचं जाऊ द्या. तेवढ्यात त्यांची कूस बदलायची राहून जाई.

कूस दर २ तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते. एकटीनं ते जमत नाही. आम्ही त्यांच्याखाली जुनं लुगडं चौघडी करून टाकायचो. दोघींनी दोन बाजूंनी धरून अलगद उचलायचं. ओढलं की कातडी सोलते. एअर बेड होता, पण लाइन गेली की त्याचा पंप बंद. शेजारच्या काकू दुपारी भांडी आटोपून येत. कूस बदलली की म्हणत, "तू पड जराशी, मी हाये न इथं." यापेक्षा मोठी मदत मला कुणी केली नाही.

मॉर्फिनची, म्हणजे दुखणं दाबणारी, अफूपासून होणारी गोळी दर ४ तासांनी, रात्रीसुद्धा. ‘अफू देता? सवय लागंल न,’ असं एक पाहुणे बोललेच. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या हिशोबानं दिली तर व्यसनाची धास्ती नको. संडासला मात्र कडक होतं, त्याचं औषध सोबतच घ्यायचं. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल झाला, तरी ही गोळी साध्या मेडिकलात मिळत नाही. ती आणायला घरच्या माणसाचा दिवस मोडतो. त्या दिवशीची त्याची वेचणी कुणी उरकली तर तीही मदतच.

रात्री तुमचा जीव घाबरा झाला तर १४४१६ लावा. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात. पेशंटचं नाही, तुमचं मन हलकं करायला.

डबा द्यायचाच तर सकाळचा द्या, आणि भांडं मागायला लगेच येऊ नका.