बाबांची वही आणि हायब्रिडचे ५१२ किलोमीटर

निघायच्या आदल्या रात्री बाबांचा एकच प्रश्न होता. "टाकी फुल केलीस? आणि ट्रिप मीटर शून्यावर आणलास?" दोन्ही झालं होतं. तरी ते खाली जाऊन स्वतः बघून आले आणि वहीत पहिली ओळ लिहून मगच झोपले.

या वहीबद्दल आधी सांगायला हवं. घरात आजवर आलेल्या प्रत्येक गाडीचं अ‍ॅव्हरेज बाबांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. तारीख, किलोमीटर, किती लिटर बसलं, टायरात हवा कधी भरली, सगळं. एका गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक घसरलं तेव्हा ब्रेक धरून राहतोय हे मेकॅनिकच्या आधी या वहीने सांगितलं होतं. त्यामुळे पाच महिन्यांपूर्वी मी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशी दोन्ही असलेली गाडी घेतली आणि तिचे आकडे कधी १७, कधी २९ असे यायला लागले, तेव्हा बाबा अस्वस्थ झाले. शोरूममधल्या मुलाने २६ सांगितले होते. मी रोज किती चालवते, कुठल्या रस्त्याने जाते, हे त्याने विचारलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "गाडी एक, पेट्रोल एक, मग आकडे इतके वेगळे कसे?" चार दिवसांची सुट्टी होती, डोंगरावर त्यांच्या जुन्या मित्राचं घर होतं आणि वाटेत शहर, महामार्ग, घाट असं सगळंच लागणार होतं. म्हटलं, चला, एकदा नीट मोजूनच बघू.

सकाळी आठला निघालो, म्हणजे बरोबर ऑफिसच्या गर्दीत सापडलो. शहराबाहेर पडायला २२ किलोमीटर, त्याला सव्वा तास लागला. पुढची गाडी हलली की चार हात पुढे जायचं, पुन्हा थांबायचं. बाबांच्या जुन्या गाडीने अशा रस्त्याला ९-१०च्या वर कधी दिलं नाही. थांबलेल्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल नुसतं उभ्या उभ्या जाळतं. इथे मात्र इंजिन बहुतेक वेळ बंदच होतं. बॅटरीवर गाडी सरकत होती, ब्रेकवर पाय ठेवला की मोटर उलटी जनित्र होऊन थोडी वीज परत भरत होती. बाबा कान देऊन ऐकत होते. "आत्ता चालू झालं बघ," ते म्हणायचे आणि ऊर्जा कुठून कुठे जातेय हे दाखवणाऱ्या पडद्यावरचा बाण खरंच इंजिनाकडून निघालेला असायचा.

एकदा मात्र लांबलचक सिग्नलला उभे असतानाच इंजिन सुरू झालं. बॅटरीच्या दोनच रेघा उरल्या होत्या. कारण एसी. अशा गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येते, पण ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच यायची असते. दोन-तीन मिनिटं इंजिन चाललं, रेघा वाढल्या, पुन्हा शांत. शहर संपलं तेव्हा पडद्यावर २५.८ होते. बाबा खूश. मी नव्हते, कारण पुढे काय होणार हे मला पाच महिन्यांत थोडं कळलं होतं.

महामार्गावर मी नेहमीसारखी १०५ ते ११० ने चालवली. मुद्दामच, कारण रोजचं खरं मोजायचं होतं. पन्नास किलोमीटरमध्ये आकडा २२वर आला, शंभरच्या आसपास २१वर. बाबांनी दोनदा विचारलं, "काही बिघडलंय का?"

काहीच बिघडलं नव्हतं. हायब्रिड कमावते कुठे हे लक्षात घेतलं की हा आकडा खटकत नाही. दुसऱ्या गाड्या जे फेकून देतात ते ही उचलून ठेवते. ब्रेक मारला की वेग उष्णता होऊन हवेत जातो, तो ही परत घेते. सिग्नलला जळणारं पेट्रोल ही वाचवते. पण सरळ, मोकळ्या महामार्गावर ब्रेक लागतच नाही आणि थांबायचंही नसतं. फेकायलाच काही नाही, तर उचलणार काय? तिथे भांडण असतं ते फक्त हवेशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८०चे १०० केले की तो जवळजवळ ५६ टक्क्यांनी वाढतो. तिथे बॅटरीचा इलाज चालत नाही. तरीही अंक १९-२०वर टिकतो याचं श्रेय बरंचसं इंजिनाला आहे. बहुतेक हायब्रिड गाड्यांमध्ये अ‍ॅटकिन्सन पद्धतीवर चालणारं इंजिन असतं. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ साली ही कल्पना काढली. इंजिनात हवा-पेट्रोल दाबण्याचा पल्ला छोटा आणि जळल्यावर प्रसरणाचा मोठा ठेवला की जळलेल्या पेट्रोलमधून जास्त काम निघतं, मात्र ताकद कमी पडते. आजच्या इंजिनांत हे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) उशिरा बंद करून साधतात. कमी पडलेली ताकद मोटर देते, म्हणून हे इंजिन इथे चालून जातं.

घाटाच्या पायथ्याला पंप होता. बाबांचा नियम ठरलेला: पहिल्या ऑटो कटला, म्हणजे टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतो तिथेच थांबायचं, वर एक थेंब नाही. पंपावरच्या मुलाने सवयीने नोझल पुन्हा दाबायला घेतला तर बाबांनी त्याचा हात धरला. ११.२ लिटर बसलं. २१८ किलोमीटर. बाबांनी बॉनेटवर वही ठेवून भागाकार केला: १९.५. पडदा म्हणत होता २०.४.

हा फरक मी आधीही पाहिला होता. पडदा इंजिनात किती पेट्रोल फवारलं याचा अंदाज करून आकडा काढतो आणि माझ्या गाडीत तो दर वेळी थोडा चढाच निघालाय. पण टाकीच्या हिशेबालाही जपावं लागतं. ११ लिटर भरताना अर्ध्या लिटरची चूक झाली तर अ‍ॅव्हरेज साडेचार टक्के हलतं. म्हणून एका टाकीवरून कुणी "माझी २८ देते" म्हणालं तर मी मान डोलावते, पण वहीत लिहिणार नाही. चार-पाच टाक्यांची बेरीज हवी.

तिथे उभं असताना मी बाबांना एक जुनी गोष्ट सांगितली. पहिली प्रियस जपानमध्ये १९९७च्या डिसेंबरात आली. पुढे अमेरिकेत दुसऱ्या पिढीच्या प्रियसवर शहर-महामार्ग मिळून ५५ मैल प्रति गॅलन असा अधिकृत आकडा लागायचा. लोकांना तेवढे मिळेनात. २००८च्या मॉडेलपासून तिथल्या पर्यावरण खात्याने मोजणीत जास्त वेग, एसी आणि थंडी धरली, तेव्हा त्याच गाडीचा आकडा ४६वर आला. आपल्या हिशेबात २३.४ वरून १९.६. गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता. बाबांनी वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आपले १९.५ बरोबर आहेत."

घाट १८ किलोमीटरचा, चढ ७०० मीटर. आम्ही दोघं आणि सामान धरून गाडी साधारण १६०० किलोची. एवढं वजन ७०० मीटर उचलायला सुमारे ३ युनिट ऊर्जा लागते, तीच युनिटं जी विजेच्या बिलावर असतात. लिटरभर पेट्रोलमध्ये ९ युनिट असतात खरी, पण त्यातला एक-तृतीयांशाहून थोडाच जास्त भाग चाकांपर्यंत पोचतो. म्हणजे नुसत्या चढाला जवळपास ०.९ लिटर. चढ सुरू झाल्यावर दोन वळणांतच बॅटरी तळाला गेली आणि इंजिन एका सुरात ओरडायला लागलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं क्लच घसरतोय. इथे नेहमीसारखे गिअर नसतात, इंजिन आपल्याला सोयीच्या फेऱ्यांवर जाऊन बसतं आणि गाडी आपल्या वेगाने चढते. वर पोचलो तेव्हा त्या टप्प्याचं अ‍ॅव्हरेज होतं साधारण १०. बाबांनी ते लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

वरचे दिवस फार छान गेले. दोन म्हातारे मित्र व्हरांड्यात बसून तासन् तास बोलत होते. पण गाडीच्या दृष्टीने तेच दिवस सगळ्यात वाईट. सकाळी ७ अंश, आणि आमच्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या: मंदिरापर्यंत, सूर्योदयाच्या जागेपर्यंत, परत. थंड इंजिन तापेपर्यंत हायब्रिडलाही ते बंद ठेवता येत नाही, कारण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. त्यात बाबांचे गुडघे दुखतात म्हणून हीटर लावलेला, आणि माझ्या गाडीचा हीटर इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो. इंजिन तापून बंद व्हायच्या बेताला आलं की आम्ही मुक्कामी पोचायचो. तिथे फिरलेल्या ३१ किलोमीटरचे पडले १३. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहितीही हेच सांगते: उणे ७ अंशांच्या थंडीत छोट्या शहरी फेऱ्या केल्या तर हायब्रिडचं मायलेज ३० ते ३४ टक्क्यांनी पडतं, साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त. आमच्याकडे एवढी थंडी नव्हती, तरी घसरण डोळ्यांना दिसली. ज्यांचं रोजचं जाणं-येणंच दोन किलोमीटरचं आहे त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. गर्दीच्या शहरात राहतो एवढ्याने हायब्रिडचा फायदा मिळेलच असं नाही. इंजिन तापण्याएवढा प्रवास तरी हवा.

चौथ्या दिवशी उतरायला लागलो. मला या प्रवासात सगळ्यात जास्त आवडलं ते हे अठरा किलोमीटर.

माथ्यावर बॅटरीच्या तीन रेघा होत्या. एक्सिलरेटरवरून पाय काढला, इंजिन बंद, फक्त टायरांचा आवाज आणि मोटरची बारीक शीळ. वळणाआधी ब्रेक हलका लावायचा, म्हणजे ते काम मोटरच करते. जोरात दाबला की साधे ब्रेक मध्ये येतात आणि तेवढी ऊर्जा तापून वाया जाते. चार रेघा. पाच. बाबा लहान मुलासारखे मोजत होते. सातव्या किलोमीटरला आठवी, शेवटची रेघ भरली. आणि पुढच्याच वळणावर इंजिन गरगरायला लागलं. बाबा दचकले. "उतारावर कशाला चालू झालं?"

चालू झालं नव्हतं, नुसतं फिरत होतं. त्या क्षणाचा खप दाखवणाऱ्या मीटरवर पेट्रोल शून्य होतं. बॅटरीत आता जागा नाही, मग उताराची ऊर्जा घालवायची कुठे? गाडी इंजिनाला न पेटवता फिरवते आणि त्याच्या ओढीवर वेग धरून ठेवते. ७०० मीटर उतरताना ३ युनिट हाताशी येतात. त्यातली एक टायर आणि हवा खातात, काही वीज बनवताना जातात. उरलेलं सगळं साठवावं म्हटलं तर माझ्या गाडीची बॅटरी जेमतेम एका युनिटची आहे आणि तिचं आयुष्य जपायला कंप्युटर तिचा मधला भागच वापरतो. म्हणजे वापरायला मिळतं अर्धं युनिट. पुढचे अकरा किलोमीटर आम्ही चढताना कमावलेली उंची फेकतच खाली आलो. मला खरंच हळहळ वाटली.

पायथ्याला त्या टप्प्याचं अ‍ॅव्हरेज ९९.९ दिसत होतं, कारण पडद्याला त्याच्या वर मोजताच येत नाही. बाबा म्हणाले, "चढताना १०, उतरताना ९९. मध्य काढला तर ५५." मग स्वतःच थांबले. पेन्सिल उलटी करून खोडलं आणि लिटर मांडले. चढताना १.७५, उतरताना ०.१. एकूण ३६ किलोमीटर, १.८५ लिटर. साडेएकोणीस! घाटाने दोन्ही मिळून जवळजवळ महामार्गाएवढंच दिलं होतं. अ‍ॅव्हरेजचं अ‍ॅव्हरेज काढायचं नसतं, किलोमीटरची बेरीज भागिले लिटरची बेरीज, एवढंच. मोठाले आकडे सांगणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच चुकतात.

परतीला मुद्दाम जुना रस्ता धरला. गावं, पूल, बैलगाड्या, वेग ६० ते ७५. इथे गाडी जणू आपल्या घरी आली. इंजिन थोडं चालायचं, बॅटरी भरायचं, बंद व्हायचं, तीन-चार मिनिटं विजेवर जायचं, पुन्हा तेच. २०५ किलोमीटरला साधारण २६.६. शोरूममधला २६चा आकडा मला पहिल्यांदा खरा वाटला तो इथे.

वाटेत माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तिची प्लग-इन हायब्रिड आहे, बाहेरून वीज भरता येणाऱ्या मोठ्या बॅटरीची, पण सोसायटीत चार्जिंगची सोय होईना म्हणून ती वर्षभर प्लगच लावत नाही. तिला वाईट वाटतं, मलाही. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष गाड्यांतल्या मीटरवरून जमवलेली माहिती जाहीर केली होती. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रयोगशाळेपेक्षा सुमारे २० टक्के जास्त जाळतात, पण प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. प्रयोगशाळा धरून चालते की माणूस नियमाने चार्ज करणार. चार्जिंगची जागा पक्की नसेल तर अशी गाडी घेऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगते.

घराजवळच्या पंपावर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पहिल्या कटला थांबलो: १२.८५ लिटर, २९४ किलोमीटर. बाबांनी दिव्याखाली दोन्ही टाक्या एकत्र केल्या. ५१२ भागिले २४.०५. २१.३ किलोमीटर प्रति लिटर. त्यांनी घाटापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि वहीत, इतकी वर्षं रिकाम्या राहिलेल्या समासात, प्रत्येक टप्प्यापुढे रस्ता आणि वेग लिहायला घेतला.

मग म्हणाले, "महामार्गाला तू एकशेदहाने गेलीस. पुढच्या महिन्यात तोच रस्ता ८५ने करू. हवा चाळीस टक्के कमी अडवेल ना?" मी हो म्हटलं. ट्रिप मीटर तिथेच शून्यावर आणला.