मालवणच्या पाण्याखाली
लेख पाठवला आणि थेट होडीत बसले. फ्रीलान्स लिखाणात पैसे कधी येतील याचा नेम नसतो, पण आठवड्याच्या मधोमध असा दिवस मिळतो, तो मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्यात खाली उतरताना कान दडपले. नाक चिमटीत धरून हवा कानात ढकलायची, श्वास मात्र कधीच रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण त्याआधीच लाल रंग फिका पडत जातो. टॉर्च लावला आणि करड्या खडकावर तांबूस रंग उमटला! काय सुख होतं ते.

१९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. तरी प्रवाळावर पाय देऊन फोटो काढलेले बघवत नाहीत. जाल तेव्हा प्लीज, हातपाय लावू नका.