हीट पंप काढा, फर्नेस परत बसवा

ग्राहकाची तक्रार थोडक्यात अशी: हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) गार हवा फेकतो, विजेचं बिल झेपत नाही, जुनी गॅस फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घर तापवणारी भट्टी, परत बसवून द्या. सकाळची वेळ, बाहेर उणे १२, थर्मोस्टॅट २० वर आणि घरात जेमतेम १७.

हवा येते त्या जाळीत थर्मामीटर धरला, ३४ अंश. हीट पंपाला हे तापमान ठीकच आहे. फर्नेसच्या ५०-५५ अंशांची सवय झालेल्या हाताला ते गार लागतं, एवढंच. बिलाचं कारण मात्र डक्टमधल्या (गरम हवा नेणाऱ्या नळीतल्या) इलेक्ट्रिक हीटरच्या वायरवर सापडलं. पंप कमी पडला की मदतीला लागतो तो हा हीटर. क्लॅम्प मीटरने ४३ अँपिअर दाखवले, म्हणजे तब्बल १० किलोवॉट.

एवढी मदत घराला लागते का? हे जुन्या गॅसबिलावरून कळतं. सरासरी उणे ५ तापमानाच्या ३० दिवसांत, पाणी तापवण्याचा गॅस वजा जाता, ५९० घनमीटर जळला होता. घनमीटरला साधारण १०.५ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता, जुन्या फर्नेसची कार्यक्षमता ८० टक्के, तास ७२०. भागाकार केला की सरासरी ६.९ किलोवॉट येतात. आत-बाहेर २५ अंशांचा फरक, तेव्हा अंशाला ०.२७५ किलोवॉट. म्हणजे उणे १५ ला घराला ९.६ किलोवॉट लागणार. जुनी फर्नेस २४ किलोवॉटची होती!

पंपावर १२ किलोवॉट लिहिलेलं, पण तो आकडा अधिक ८ अंशांचा. कंपनीच्या तक्त्यात उणे १५ ला ७.५ किलोवॉटच आहेत. पंप निवडताना हाच रकाना बघायचा असतो, आणि नेमका तोच कुणी बघत नाही. तरीही हिशोबाने उणे १० पर्यंत पंप एकटा पुरतो आणि उणे १५ ला फक्त दोनेक किलोवॉट कमी पडतात. मग १० किलोवॉटचा हीटर कशाला चालू होता?

कारणं दोन. एक, थर्मोस्टॅट रात्री १६ वर आणि सकाळी सहाला २० वर. फर्नेसला हे चालतं. पंपाच्या बाबतीत एकदम चार अंशांची मागणी आली की थर्मोस्टॅट लगेच हीटर ओढतो. दोन, बाहेरचं युनिट थेट जमिनीवर टेकवलेलं. डीफ्रॉस्टचं, म्हणजे पंप अधूनमधून स्वतःवरचा बर्फ वितळवतो त्याचं, पाणी तळाच्या ट्रेमध्येच गोठून कॉइलचा (हवेतली उष्णता घेणाऱ्या नळ्यांच्या जाळीचा) खालचा तिसरा हिस्सा बर्फात गेला होता. तिथून हवाच जात नव्हती, मग तक्त्यातले किलोवॉट मिळणार कुठून? (कॉइलवर हिम सगळ्यात जास्त धरतं ते शून्याच्या आसपासच्या दमट हवेत, कडाक्याच्या कोरड्या थंडीत नाही. बर्फ आधीच साचत आलेला असतो.)

युनिट ४० सेंटिमीटरच्या स्टँडवर चढवलं, ट्रेचं भोक मोकळं केलं. थर्मोस्टॅट दिवसरात्र २० वर. हीटरचे ५-५ किलोवॉटचे दोन टप्पे वेगळे केले, आणि बाहेर उणे ८ च्या वर असताना तो डीफ्रॉस्टखेरीज लागणार नाही असं लॉकआउट घातलं.

फर्नेसचा प्रश्न दरावर सोडवला. विजेच्या युनिटचा दर भागिले गॅसच्या युनिटभर उष्णतेचा दर, इथे २.४. त्याला नव्या फर्नेसच्या ०.९५ कार्यक्षमतेने गुणलं की २.२८. पंपाचा सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत मिळणारी उष्णता, याहून जास्त असेल तोवर पंप स्वस्त. तक्त्याप्रमाणे तो उणे १० च्या सुमारास याखाली जातो, आणि तिथे उणे १० खालचे तास हिवाळ्यात थोडेच असतात. तेवढ्यासाठी फर्नेस, चिमणी, गॅसचा स्थिर आकार हे सगळं परवडत नाही, म्हणून मी नको म्हटलं.

हेच गुणोत्तर ४ असतं तर ३.८ सीओपी लागला असता. कडक थंडीत तो कुठलाच हवेवरचा पंप देत नाही. मग १४ किलोवॉटची कंडेन्सिंग फर्नेस (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेणारी) सुचवली असती, पंप सौम्य दिवसांसाठी ठेवून. मात्र दोन्ही एकाच वेळी चालता कामा नयेत: पंपाचं घरातलं कॉइल हवेच्या वाटेत फर्नेसच्या पुढे बसतं, त्यावर तापलेली हवा आली की कॉम्प्रेसर जास्त दाबावर ट्रिप होतो. आणि कंडेन्सेटचं, म्हणजे त्या वाफेचं, आम्लयुक्त पाणी नेणारी नळी उताराची, घराच्या आतून नेलेली हवी. बाहेर काढली की ती गोठते आणि फर्नेस नेमकी थंडीतच बंद पडते.